घुबडाचे कान

२ सप्टेंबर, सोमवार

सूनबाईने बजावलंय की तिच्या मुलीच्या दुखण्याबद्दल बाहेर चार लोकांत बोलायचं नाही. बरं. बाहेर नाही बोलत. मुलाला कारखान्याच्या मालकाने दिलेली डायरी कपाटात कोरी पडली होती, तिच्यात बोलते. चौथीपर्यंत शिकलेय, अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं आहे, पण कागद उलट उत्तर देत नाही, हा त्याचा मोठा गुण.

तर नातीचा कान पुन्हा फुटला. सकाळी उशीवर पिवळा डाग. अंग तव्यासारखं तापलेलं. फ्रीजमधली गुलाबी औषधाची बाटली संपते, नवी येते, तीही संपते. आधी डावा वाहत होता, तो थांबला तर उजवा ठणकायला लागला. दोन कान काय दिले देवाने, पाळीपाळीने भांडतात.

पोर मात्र आकांत करत नाही. कान दाबून बसते आणि जो बोलेल त्याच्या तोंडाकडे टक लावून बघते. पापणी हलत नाही. म्हणून तर मी तिला घुबड म्हणते. सूनबाईला ते खपत नाही.

"अहो आई, माझ्या मुलीला घुबड काय म्हणता?"

"मग काय बुलबुल म्हणू? गाते का ती?"

यावर ती पाठ फिरवून काहीतरी पुटपुटली. पाच वर्षांची व्हायला आली पोर, अजून शब्दांची शेपटं गिळते. ‘दूध’ला ‘दू’ आणि ‘पाणी’ला ‘पा’. आई तोंडातल्या तोंडात बोलणारी असली की पोर दुसरं काय शिकणार?

५ सप्टेंबर, गुरुवार

सूनबाईचं काम फोनवरचं. डोक्याला ते हेडफोन चढवायचे आणि दिवसभर परक्यांच्या तक्रारी ऐकायच्या. समोरच्याने आईबहीण काढली तरी "मी आपली काय मदत करू शकते" म्हणायचं. घरी येते तरी आवाज तोच, मांजर दूध पितं तसा.

आज स्वयंपाकघरात भांड्यांकडे तोंड करून म्हणाली, "बाळा, बूट काढ." बाळ ढिम्म. पुन्हा म्हणाली. ढिम्म. मग रडकुंडीला येऊन बाहेर आली.

मी खुर्चीवरून नुसता पाय आपटला. लाकडी जमिनीच्या फळ्या हलल्या, घुबडाने लगेच मान वळवली. मी बुटांकडे बोट केलं, तोंड भरून म्हटलं, "का-ढ." निघाले बूट.

"बघ," मी म्हटलं, "असा धाक लागतो."

"तुमचंच ऐकते ती," सूनबाई म्हणाली.

हे मात्र चांगलं समोर उभी राहून म्हणाली, म्हणून कळलं. एरवी ही बाई हल्ली मुद्दाम हळू बोलते. मुलगाही तिचं बघून हळू बोलायला लागलाय. टीव्ही तर दोघांनी मिळून मुका करून ठेवलाय. मी आवाज वाढवला की दोघं एकमेकांकडे बघतात.

१५ सप्टेंबर, रविवार

मी सगळी उमर कापडाच्या मागावर काढली. एका शेडमध्ये इतके माग की धोटे इकडून तिकडे धडधडायला लागले की स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू यायचा नाही. तिथे कान कामाचे नसतात. आम्ही बायका ओठांनी आणि हातांनी बोलायचो. कोणाची सासू गेली, कोणाच्या नवऱ्याने कुठे तोंड घातलं, सगळ्या खबरा या टोकापासून त्या टोकाला जायच्या आणि मालक मध्ये उभा असून त्याला पत्ता नसायचा. नाकाखाली आडवं बोट म्हणजे मिशी, म्हणजे मालक आला. आडवा तळवा म्हणजे माग बंद कर. अंगठा ओठाला म्हणजे चहा. मूठ उघडली म्हणजे सोड.

समोरच्या घरातली बॉबिनवाली माझ्याच शेडमध्ये सुताच्या बॉबिनी भरायची, म्हणून ते नाव. अजून आम्ही खिडकीतून खिडकीत बोलतो, मधल्या रस्त्यावर ट्रक धावोत नाहीतर काही होवो. हे सगळं घुबडाने उचललंय. आज मुलगा दाढी न करता बाहेर आला, तर घुबडाने खिडकीत उभं राहून बॉबिनवालीला नाकाखाली बोट धरून दाखवलं आणि मग बापाकडे बोट केलं. बॉबिनवाली हसता हसता खाली बसली, मला तिचं डोकं दिसेना. एवढी हुशार पोर, आणि आई म्हणते हिला काहीतरी झालंय.

बॉबिनवालीच्या मुलीने तिला कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. तिने आठवड्याभरात काढून बटणांच्या डब्यात टाकलं. म्हणाली, "जगात ऐकण्यासारखं काही राहिलेलं नाही गं. नुसती कटकट." म्हातारी झाली बिचारी. मला अजून तसलं काही लागत नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. मी, सूनबाई, घुबड. डॉक्टर तरुण आहे, बोलताना कागदावर चित्रं काढतो, खाली मान घालून. शेवटी मीच म्हटलं, "अहो, मान वर करून बोला जरा, आम्ही काय तुमच्या टकलाशी बोलायचं?" सूनबाईचं तोंड लाल झालं. पण त्याने मान वर केली.

म्हणाला, कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय. जुनं झालं की ते डिंकासारखं घट्ट होतं, मग आवाज आत पोचत नाही. सर्दी झाली की त्यातच जंतू माजतात, म्हणून कान पुन्हा पुन्हा फुटतो. आधी ऐकू किती येतं ते मशीनवर बघायचं. फारच कमी येत असेल तर पोरीला झोपवून पडद्याला बारीक भोक पाडायचं आणि त्यात इवलीशी नळी बसवायची.

"भोक?" मी म्हटलं. "कान आधीच फुटतोय आणि तुम्ही वर भोक पाडणार?"

"आजी, ते भोक पाणी बाहेर काढायला."

"गळक्या छपराला खिळे ठोकणारे तुम्हीच पहिले बघितले."

तो हसला. सूनबाई हसली नाही. "आणि ऐकू नीट येत असेल तर?" मी विचारलं.

"तर घाई नाही. तीन महिने थांबू, पाणी आपोआप सुकतंय का बघू."

एवढंच मला हवं होतं. झोपवणार म्हणे. मोठ्या माणसाला झोपवतात तेव्हा घरच्यांच्या सह्या घेतात, त्या उगाच नाही घेत. एवढंसं पोर, मूठभर, आणि नाकाला तो वायू लावणार. सूनबाई तर आताच पेन शोधत होती.

१० ऑक्टोबर, गुरुवार

पास झाली! घुबड पास झाली, आणि कोणामुळे ते मीच जाणते.

एक छोटी खोली, चारी बाजूंनी जाड कापूस ठासलेली, एका बाजूला काच. आत घुबडाला खुर्चीवर बसवलं, डोक्याला तिच्या आईसारखाच हेडफोन. मुठीत लाकडी मणी दिला, समोर पत्र्याचा डबा. आवाज आला की मणी डब्यात सोडायचा, मग दुसरा घ्यायचा. मशीनवाला बाहेर काचेजवळ, बटणं दाबत. सूनबाईला फोन आला म्हणून ती जिन्यात गेली होती. मी मशीनवाल्याच्या पाठीशी उभी.

पहिल्यांदा त्याने बटण दाबलं. घुबड बसून राहिलं. माझ्याकडे बघत राहिलं, त्याच्या खांद्यावरून. बिचारीला कळतच नव्हतं काय करायचं ते. घाबरली होती. माणूस घाबरला की कान असून नसल्यासारखे.

मी त्याच्या बोटाकडे बघितलं. बोट बटणावर गेलं की मी मूठ उघडली. सोड.

मणी डब्यात.

मग काय, तो दाबतोय, मी सोडतेय, ती सोडतेय. मागावर धागा तुटायच्या आधी मला दिसायचा, तर याचं जाडं बोट नाही दिसणार? तो खूश. कागदावर ठिपके मारत होता, रेघ छान वर वर चाललेली. मध्ये एकदा त्याने मागे वळून बघितलं, तर मी केस नीट करत होते.

डॉक्टर म्हणाला, "पाणी आहे, पण ऐकणं चांगलं आहे. तीन महिने थांबायला हरकत नाही."

"पण डॉक्टर," सूनबाई म्हणाली, "मी हाक मारते तर ती वळतसुद्धा नाही हो."

"माझ्याकडे वळते," मी म्हटलं.

तिने डॉक्टरकडे बघितलं, मग कागदाकडे, मग पोरीकडे. वाटलं होतं खूश होईल. चाकू टळला. पण ही अशी बघत होती जणू पोरीने तिचा काही गुन्हा केलाय. घरी येईपर्यंत तिने घुबडाचा हात धरला नाही. मी धरला.

२१ नोव्हेंबर

पुन्हा ताप. पुन्हा गुलाबी बाटली. या खेपेला दोन्ही कान. वाहायला लागल्यावर ठणका थांबतो, मग पोर झोपते. मी ओल्या फडक्याने बाहेरून पुसते, सूनबाई म्हणते आत बोट घालू नका. जसं काही मी आयुष्यात पोर बघितलेलंच नाही.

सूनबाई आता मुलीवर चिडते. आधी चिडत नव्हती. "ऐकू येतंय तुला, डॉक्टरांनी सांगितलंय, मग ऐकत का नाहीस?" असं काल तिच्या खांद्याला धरून म्हणाली. पोर तिच्या ओठांकडे बघत होती. मग घाबरून तिने अंगठा ओठाला लावला. चहा. तिला वाटलं आईला चहा हवाय.

सूनबाईने खांदे सोडले आणि न्हाणीघरात जाऊन दार लावलं. नळ सोडून बसली असेल. टाकी रोज सकाळी रिकामी असते ती उगाच नाही. मी दोनदा सांगितलं की पाणी जपून वापरा. ती म्हणते, "आई, रात्री भांडी झाल्यावर स्वयंपाकघरातला नळ नीट बंद करत जा." शेवटची भांडी मी घासते, म्हणून आळ माझ्यावर.

१६ डिसेंबर, सोमवार

बालवर्गाच्या बाईंनी बोलावलं होतं. सूनबाई म्हणाली एकटी जाते. मी म्हटलं, मी येणार. भिंतीवर कागदाचे ससे, एवढ्याशा खुर्च्या, मला बसता येईना, मी उभीच राहिले.

बाई गोड बोलणारी, डोकं एका बाजूला कलवून. म्हणाली, तुमची मुलगी सूचना पाळत नाही. सगळे उभे राहिले की ती इतरांचं बघून उभी राहते. गोष्ट सांगताना हसायच्या जागी हसत नाही, बाकीचे हसले की मग हसते. बोलणंही मागे आहे.

"तिचे कान सारखे फुटतात," सूनबाई म्हणाली.

"हो, पण ऐकण्याची चाचणी चांगली आली ना? तुम्हीच कागद दिलात." बाईने कागद पुढे सरकवला. तेच ठिपके, छान वर गेलेले. "कान ठीक असतील तर मग प्रश्न... म्हणजे समजण्याचा असू शकतो. मंद मुलांसाठी वेगळी शाळा असते. तिथे तिला जास्त बरं वाटेल. हे सत्र संपेपर्यंत आपण बघू."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "अहो बाई, ही पोर रस्त्यापलीकडचे ओठ बघून सांगते कोण काय बोलतंय ते! तुम्हाला येतं?"

बाईने कागद परत ओढला. सूनबाईने मात्र सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणालात आई?"

"म्हटलं, हुशार आहे पोर."

"नाही. ओठ बघून."

"मग? मी शिकवलंय. मागवाल्यांच्या घरची आहे."

बसमध्ये ती सगळी वाट खिडकीबाहेर बघत होती. पोर माझ्या मांडीवर. मंद म्हणे! तो डॉक्टर बरा, तिला नुसतं भोक पाडणार होता. ही बाई तर आख्खं पोरच बाद करायला निघालीय.

१७ डिसेंबर

सकाळी सूनबाईने एक खेळ मांडला. वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि त्याच्या मागून घुबडाला म्हणाली, "खाऊ हवा?" निदान नंतर मुलाला तसं सांगितलं, की मी खाऊ म्हणाले. घुबड कागदावरच्या चित्राकडे बघत बसलं. सूनबाईने कागद खाली घेतला, तेच पुन्हा म्हणाली. घुबडाने हात पुढे केला.

तिने हे तीनचारदा केलं. मुलगा उभा राहून बघत होता. मग तिने फोन घेतला आणि पुन्हा चाचणीची वेळ मागितली.

मला काय त्याचं. कागद तोंडासमोर धरून बोललं तर कोणाला कळणार आहे?

९ जानेवारी, गुरुवार

मी जाणारच होते. मी नसले तर पोर घाबरते.

या वेळी मशीनवर एक मुलगी होती, चष्मा लावलेली. मी माझ्या जागेवर, तिच्या पाठीशी उभी राहिले. तिने मागे वळून बघितलं. "आजी, तुम्ही बाहेर बाकावर बसा ना."

"पोर घाबरेल."

"आई थांबते की तिची."

सूनबाईने दार उघडून धरलं. मी बाहेर. दाराला मधोमध काच होती, बरी.

घुबड कापसाच्या खोलीत. हेडफोन. मुठीत मणी. चष्मेवालीने बटण दाबलं. घुबड बसलेलं. पुन्हा दाबलं. तिच्या खांद्यावरून घुबड मला शोधत होतं. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मुठीतला मणी तसाच. मी दाराच्या काचेपाशी आले, हात वर केला, पण बाहेरच्या अंधाऱ्या बोळातली मी तिला दिसत नव्हते. किती वेळ ते चाललं, माहीत नाही. डब्यात एकही मणी पडला नाही.

मग घुबडाने स्वतःच डोक्यावरचं काढलं आणि कापसाच्या खोलीचं दार ढकलून बाहेर आलं. आईसमोर उभं राहिलं. मला इथून आवाज येणं शक्य नव्हतं. पण तोंड दिसत होतं. एवढी वर्षं मी तोंडं वाचलीत, आणि हे तोंड तर मीच बोलायला शिकवलेलं.

आजी कुठाय, म्हणाली. आणि मग हात पुढे करून मूठ उघडली. आजी असं करते. मग सोडायचं.

सूनबाईने तिला पुन्हा विचारलं असणार. घुबडाने पुन्हा करून दाखवलं. नीट, एक बोटही चुकलं नाही. मूठ, मग उघडी.

मग सूनबाईने दाराकडे बघितलं. काचेतून. मी बाकावर जाऊन बसले.

१० जानेवारी

डॉक्टरने सांगितलं ते मुलाने मला समोर बसवून सांगितलं, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, जणू मीच पाच वर्षांची. दोन्ही कानांत डिंक भरलाय. माणसं बोलतात त्यातलं तिला जेमतेम गुणगुणल्यासारखं येतं. नळ्या ताबडतोब बसवायच्या. उजवा कान सुधारेल. डावा पडदा पुन्हा पुन्हा फुटून पार झिजलाय, तो पहिल्यासारखा होईल असं डॉक्टर म्हणत नाही.

"ऑक्टोबरात बसवल्या असत्या तर?" मी विचारलं.

"ते कोण सांगणार, आई."

"मग मला कशाला सांगतोस?"

तो उठला. दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा समोर बसला. "आई, तुला ऐकू येतं का?"

"लोक नीट बोलले तर येतं."

सूनबाई दिवसभर पोरीला घेऊन आतल्या खोलीत होती. संध्याकाळी मोरीशी भांडी विसळत होती, मी ताट ठेवायला गेले. तेव्हा ती बोलली. पाठ माझ्याकडे होती. बराच वेळ बोलली. खांदे हलत होते, मध्ये एकदा तिने हातातला पेला ओट्यावर आपटला, मग पुन्हा बोलली. मी ताट घेऊन उभी होते. एक अक्षर कळलं नाही.

बोलून झाल्यावर ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. उत्तर हवं होतं बहुतेक.

मी म्हटलं, "ताट कुठे ठेवू?"

४ फेब्रुवारी, मंगळवार

झोपवलं. उठली.

मधला वेळ मी दवाखान्याच्या बाकावर काढला. सूनबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला. आमच्यामध्ये घुबडाचे बूट.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पोरीने डोकं खाल्लं. "हे काय? हे काय?" पिशवी चुरगळली, हे काय. चेन ओढली, हे काय. बापाने नाक शिंकरलं तर पळत जाऊन पलंगाखाली लपली. संडासात साखळी ओढल्यावर कान दाबून किंचाळली. सूनबाई तिच्यामागे फिरत प्रत्येक वस्तू वाजवून दाखवतेय. चमचा. किल्ली. काडेपेटी. घर आहे की वाजंत्र्यांचा अड्डा.

दुपारी पोर खिडकीत होती, पाठमोरी. सूनबाई खोलीच्या दारात उभी राहून काहीतरी म्हणाली. ओठ जरासेच हलले, फुंकर घातल्यासारखे. पोर वळली.

सूनबाई तिथेच उंबऱ्यावर बसली. तोंडावर हात. मुलगा तिला उठवायला गेला तर तोही बसला.

नवल ते काय, मी मनात म्हटलं, माझ्याकडे तर रोजच वळते. आणि पाय आपटला.

पोर दचकली. माझ्याकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि हात पुढे करून तळवा आडवा केला.

माग बंद.

१२ फेब्रुवारी

बालवर्गाच्या बाईने पोरीला पुढच्या बाकावर बसवलंय, उजवा कान तिच्याकडे करून. वेगळ्या शाळेचं सध्या काढत नाही. सूनबाईने हे मुलाला सांगितलं, मुलाने मला. हल्ली माझ्यापर्यंत सगळं असं वळसा घालून येतं.

बॉबिनवालीला खिडकीतून सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत माझ्या हातांकडे बघितलं. मग दोन्ही हात कानांवर ठेवले आणि माझ्याकडे बोट केलं. मी पडदा ओढून घेतला. स्वतः यंत्र बटणांच्या डब्यात टाकणारी, मला शिकवतेय.

२३ फेब्रुवारी, रविवार

पोर आता तोंडाकडे बघत नाही. बोलते ती पाठ फिरवून, खेळता खेळता, दुसऱ्या खोलीतून, आईच्या कुशीत तोंड खुपसून. दोघींचं दिवसभर चाललेलं असतं. सूनबाई इकडून, पोर तिकडून. मला नुसती एकीची मान दिसते आणि दुसरीची वेणी. शब्दांची शेपटं आता जागेवर येताहेत, असं मुलगा म्हणतो. असतील.

आज मी खुर्चीवर वाटाणे सोलत होते. सूनबाई आणि मुलगा बाहेर जायला निघाले होते, बूट घालत होते. पोर स्वयंपाकघरातून धावत आली. माझ्या पाठीमागे काहीतरी बोलली असणार, कारण मग पुढे येऊन उभी राहिली. मी वाटाण्यांत बघत होते. तिने दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड स्वतःकडे वळवलं. मग ओठ मोठे उघडून, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली,

"आ-जी. न-ळ. ग-ळ-तो."

आणि आडवा तळवा. बंद कर.

"कुठे गळतो? गळला असता तर मला कळलं नसतं?" मी म्हटलं.

तिने आईकडे बघितलं. सूनबाई बुटाची नाडी बांधत होती, तिने मान वर केली नाही. पोरीने माझी हनुवटी सोडली, गालावर दोनदा थोपटलं, मी तिला ताप असताना थोपटायची तसं, आणि त्यांच्यामागे जिना उतरून गेली.

दार लागलेलं दिसलं. वाटाणे संपवले. भांडं ठेवायला स्वयंपाकघरात गेले. नळ बंद होता. काही वाजत नव्हतं. मी उभी राहिले, नीट कान देऊन. काही नाही.

मग हात पुढे केला, नळाखाली.

हातावर थेंब पडला.